बोगद्यापर्यंत हात

शिओझाकीत कुणालाही विचारा, कैगेत्सु हॉटेल कुठं आहे, तर तो आधी हसेल आणि मग बोट दाखवेल. गंमत नावातच आहे. थोरले साकुमा मालक मोठे हौशी. 'समुद्र' आणि 'चंद्र' अशी दोन अक्षरं निवडून त्यांनी पाटीवर सोनेरी रंगात काढून घेतली आणि उद्घाटनाला आलेल्या लोकांना म्हणाले, "वाचा! कैगेत्सु!" कोळ्यांनी मान वाकडी करून वाचलं, "कुरागे." ही दोन अक्षरं शेजारी शेजारी लिहिली की जेलीफिश होते, हे त्या शिकल्यासवरल्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. झालं! नवविवाहित जोडप्यांसाठी बांधलेलं पांढरंशुभ्र हॉटेल, आणि गाव म्हणतंय जेलीफिश. हाड नाही, डोकं नाही, नुसतं फुगत जायचं. पुढं ते खरोखर फुगतच गेलं, तो भाग वेगळा.

पण ही गोष्ट हॉटेलची कमी आणि आयामेची जास्त आहे. खरं तर दोन्ही एकच. एक उभं राहिलं म्हणून दुसरीला आसरा मिळाला, आणि एक बंद पडलं तेव्हा दुसरीचंही सगळं संपलं.

ती आली तेव्हा तिचं नाव आयामे नव्हतं. नागाकुरा मित्सुए. अठ्ठावीस वर्षांची, हातात एक पिशवी, आणि डाव्या कानाच्या मागं पिवळा पडत चाललेला माराचा वळ. नवरा डोंगरापलीकडच्या गावात कौलांच्या भट्टीवर कामाला होता. प्यायला की मारायला त्याला हाताशी येईल ते चालायचं. सात-आठ वर्षं तिनं काढली. मग एका पहाटे मागच्या दारानं निघाली ती निघालीच. सहा वर्षांची मुलगी, चिसातो, आजीच्या कुशीत झोपली होती. म्हातारी पोरीला रोज कमरेशी घट्ट धरूनच निजायची, जणू तिला आधीच सगळं कळलं होतं. पोरीला उचलावं तर म्हातारी उठणार, म्हातारी उठली की नवरा उठणार. मित्सुएनं स्वतःला सांगितलं, वसंतात येऊन घेऊन जाईन. दारातून बाहेर पडल्यावर तिनं मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय उचललाच नसता.

साकुमा मालकीणबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बाई ठेंगणी, आवाज मात्र बंदरावरून हाक मारावी असा.

"नवऱ्यापासून पळून आलीस?"

मित्सुएनं केस कानावर ओढून घेतले.

"लाजू नकोस गं. इथल्या निम्म्या तशाच आहेत. उरलेल्या निम्म्या खोटं सांगतात. नाव काय?"

"मित्सुए."

"ते आता ठेव बाजूला. आमच्याकडं सगळ्या फुलं. किक्यो आहे, हागि आहे, नादेशिको दोन महिन्यांची पोटुशी आहे. आयामे मोकळं आहे, मागची परवाच लग्न करून गेली. तू आयामे."

आयामे म्हणजे पाणथळीत उगवणारं जांभळं फूल. मित्सुएला ते बरं वाटलं. पण तिचं लक्ष नावावर नव्हतंच. ती चटईवर हात टेकून कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकली.

"मालकीणबाई, एक मागते. कुणी मित्सुएला शोधत आलं तर अशी कुणी इथं नाही म्हणून सांगा."

"नवरा आला तर ना?"

"कुणीही. तो भावाला पाठवेल, आईला पाठवेल, रडणारं माणूस पाठवेल. कुणीही आलं तरी नाहीच म्हणा. मी पाया पडते."

मालकीणबाईंनी तिथल्या तिथं पुढच्या काउंटरवरच्या माणसाला बोलावलं आणि दम दिला. "ऐकलंस? खऱ्या नावानं कुणीही कुणाला विचारलं, मग तो देवळातला बुद्ध का असेना, तर अशी कुणी इथं नाही. नंतर येणाऱ्यालाही शिकवून ठेव." तेव्हापासून कैगेत्सुचा तो नियमच झाला. दारात चपला कशा लावायच्या, मिसोचं सूप कुठल्या हाताला ठेवायचं, तसाच हाही.

आणि नियम उपयोगाला आला हो! पहिल्याच हिवाळ्यात नवरा आला. तर्र होऊन काउंटरसमोर मांडी घालून बसला आणि बायकोच्या नावानं बोंबलत राहिला. मित्सुए मागं गाद्यांच्या खोलीत, गाद्यांच्या चळतींमध्ये शिरून, तोंडात बाहीचा बोळा कोंबून बसली होती. काउंटरवरचा माणूस शांतपणे एवढंच म्हणत राहिला, "अशी कुणी इथं नाही, साहेब. अशी कुणी नाही." शेवटी नवरा शिव्या देत निघून गेला. त्या दिवशी मित्सुएनं काउंटरवरच्या माणसासमोर दोन वेळा वाकून नमस्कार केला. ते चार शब्द म्हणजे तिच्या डोक्यावरचं छप्परच होतं.

वसंत आला, गेला. ती चिसातोला आणायला गेली नाही. कशी जाणार? म्हाताऱ्या सासूनं एका शेजारणीकरवी निरोप धाडला होता, की पोरीला सांगितलंय, आई मेली म्हणून, आता भूत होऊन येऊ नकोस. मित्सुएनं त्याच शेजारणीकरवी लाल बुटांचा जोड पाठवला, तो परत आला. पुढच्या वर्षी मोठ्या मापाचा पाठवला, तोही आला. नंतर तिला मापच कळेनासं झालं.

कामाला मात्र ती वाघीण. ताटांची चळत घेऊन तीन जिने चढायची, घामाचा थेंब नाही. दारापाशी गुडघे टेकून, हात पुढं ठेवून म्हणायची, "मी आयामे. आज आपली सेवा माझ्याकडं आहे." हे वाक्य तिनं किती हजार वेळा म्हटलं असेल, देव जाणे. सुरुवातीला जोडपी येत. पोरगी लाजून खिडकीबाहेर बघतेय, पोरगा चहाचा कप उगाच फिरवतोय. आयामे त्यांच्यासमोर मासा ठेवून पटकन बाहेर सटकायची. मग जोडप्यांना विमानानं लांब जायची चटक लागली आणि कंपन्यांच्या सहली सुरू झाल्या. सगळा कारखाना एका झटक्यात हॉटेलात! सगळ्यांच्या अंगावर हॉटेलनं दिलेला एकसारखा सुती झगा, युकाता, सगळ्यांची तोंडं एकसारखी लाल. धाकट्या मालकांनी मागं नवी इमारत बांधली. तीही पुरेना, म्हणून तिच्या मागं आणखी एक. नाव सुचेना म्हणून लोक तिला 'नवी-नवी' म्हणू लागले. तीन इमारतींना जोडणाऱ्या बोळांमध्ये पाहुणे हरवायचे. आंघोळीला निघालेला माणूस ओल्या टॉवेलसह स्वयंपाकघरात उगवायचा. मालकांनी आंघोळीच्या मोठ्या हौदाच्या मधोमध खोट्या खडकांचं बेट केलं, त्यावर प्लास्टिकची ताडाची झाडं लावली. जेलीफिश फुगली ती अशी.

कैगेत्सुची एक गोष्ट मात्र गावातल्या दुसऱ्या कुठल्या हॉटेलाला जमली नाही, आणि ती म्हणजे निरोप. बाकीचे दारात वाकतात आणि आत जातात. कैगेत्सुसमोरचा रस्ता खाडीच्या कडेकडेनं वळत जाऊन पलीकडच्या बोगद्यात शिरतो. निघालेली बस अख्खी खाडीभर दिसत राहते. बस बोगद्यात शिरेपर्यंत सगळ्या बायकांनी रांगेत उभं राहून दोन्ही हात हलवायचे, पाऊस असो की बर्फ. कुणाचा हात जरा खाली आला की मालकीणबाईंची हाक, "किक्यो, हात! आयामे, हात!" त्यांचं म्हणणं असं, की मागं वळून पाहणाऱ्या पाहुण्याला रिकामं दार दिसलं तर तो पुन्हा येत नाही. आयामे हे ऐकताना हात आणखी उंच करायची. आपण मागं वळून पाहिलं असतं तर दारात कोण दिसलं असतं, हे तिला ठाऊक होतं. कुणीच नाही. सगळे झोपले होते.

बारा वर्षांनी कळलं, नवरा गेला. भट्टीजवळच कोसळला म्हणे. सासू त्याच्या आधीच गेली होती. आयामेला दुःख वाटलं नाही, आनंदही नाही. सगळ्यात आधी तिनं उमे म्हातारीला फोन लावला. उमे म्हणजे गावातली तीच शेजारीण, मित्सुएचा जीव वाचावा म्हणून गुपचूप भात वाढणारी.

"उमेबाई, चिसातो कशी आहे?"

"वाढलीय. हनुवटी तर तुझीच. शहरात नोकरीला लागलीय."

"तिला सांगाल का, मी मेलेली नाही? शिओझाकीत आहे, कैगेत्सु हॉटेलात. तिला यायचं तेव्हा येऊ दे. मी कुठं जात नाही."

"सांगते गं. पण लगेच आशा धरू नको. फार कडू झालीय पोर."

"किती का कडू असेना. मी इथंच आहे म्हणावं."

फोन ठेवल्यावर आयामेला वाटलं, आता फक्त वाट बघायची. आणि ती बघत राहिली. दुसऱ्या मोठ्या हॉटेलानं तिला देखरेखीचं काम देऊ केलं, तिनं नाही म्हटलं. एका बोटमालकानं लग्नाचं विचारलं, चांगला माणूस होता, त्यालाही नाही म्हटलं. "अगं, या जेलीफिशमध्ये काय पुरलंयस तू?" किक्यो विचारायची. आयामे म्हणायची, "माझी सवय पुरलीय." पंचविशीतली एखादी मुलगी गटात दिसली की आयामे तिच्या ताटात खेकड्याची जास्तीची नांगी ठेवायची.

"परत? तुझी कोण लागते ती?" किक्योचं लक्ष असायचंच.

"कुणी नाही. बारीक आहे म्हणून."

"मीही बारीक होते तेव्हा तू कुठं होतीस?"

वाट बघणाऱ्या माणसाला सगळं सुचतं, एक सोडून. नवरा मेला तेव्हाच मालकीणबाईंकडं जाऊन म्हणायला हवं होतं, आता तो नियम माझ्यापुरता उठवा, आता कुणी मित्सुएला विचारलं तर हो म्हणा. ती सांगणारही होती. पण त्या आठवड्यात नव्या-नव्या इमारतीचं उद्घाटन होतं, मग नववर्ष आलं, मग राहून गेलं. आणि खरं सांगायचं तर तिला ते आठवायचंच बंद झालं. ती आयामे होती. हॉटेलात एकही माणूस असा नव्हता ज्यानं तिला मित्सुए म्हणून हाक मारली असेल. उमेबाईला तिनं हॉटेलाचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं. आपण इथं कुठल्या नावानं राहतो, हे सांगायचं तिच्या मनातच आलं नाही. आपलं नाव ते आपलं नाव, ते काय सांगायचं?

काउंटरवर तोवर कुरोनुमा आला होता. तोक्योतल्या मोठ्या हॉटेलातून आलेला, मिशा कातरलेल्या, बुटांना आरशासारखं पॉलिश. स्वतःच्या स्मरणशक्तीचा मोठा गर्व. "मी एकदा चेहरा पाहिला की संपलं," असं दिवसातून दोनदा सांगायचा. बायका त्याच्यामागं त्याच्यासारखं चालून दाखवायच्या. पण माणूस वाईट नव्हता. आयामेच्या गुडघ्यांनी पुढं दगा दिला तेव्हा तिची ताटं जिन्याच्या तोंडापर्यंत त्यानंच नेऊन दिली.

मग भरभराटीचा फुगा फुटला. सगळ्या देशाचाच फुटला, कैगेत्सुचा जरा जास्त. कंपन्यांनी सहली बंद केल्या. आठ-आठ बस लागायच्या त्या जागी एक लागू लागली, मग आठवड्यातून एक. नवी-नवी इमारत कुलूपबंद झाली, मग नवी. हौदातलं बेट कोरडं पडलं आणि प्लास्टिकच्या ताडांवर खरोखरीचं शेवाळ आलं. ताटं जाऊन वाढून घ्यायची टेबलं आली. बायका एकेक करून गेल्या. हागि वृद्धाश्रमात, नादेशिको मुलाकडं, किक्यो तर देवाघरी. नवीन कुणी येईना, त्यामुळं फुलांची नावं तशीच मोकळी पडून राहिली. आयामे त्रेसष्टची झाली. तिनं स्वतःशी हिशेब केला होता, चिसातो आता एक्केचाळीस वर्षांची असेल. कडूपणा जायला एवढी वर्षं पुरली असतील. आज नाही तर उद्या येईल. हॉटेल उभं आहे तोवर येईल.

आणि मग धाकट्या मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की या वसंतात हॉटेल बंद.

आयामेनं विचारलं, "पाटी राहील ना, मालक?"

"पाटी?"

"बाहेरची. कुणी शोधत आलं तर सापडायला."

धाकटे मालक बिचारे आधीच खचलेले. "कोण येणार आहे आता, आयामेसान," एवढंच म्हणाले.

शेवटच्या दिवशी शेवटची बस म्हाताऱ्यांच्या मंडळाची होती. त्यातली काही जोडपी चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी इथंच लग्नानंतर येऊन गेलेली. बस निघाली. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या मालकीणबाईंनी क्षीण आवाजात म्हटलं, "हात." उरलेल्या पाच-सहा जणांनी बोगद्यापर्यंत हात हलवले.

मग सगळे मोठ्या दिवाणखान्यात जमले. साके ओतली गेली. धाकटे मालक एकेकाला पुढं बोलावून निरोप देऊ लागले, आणि त्यांनी एक गोष्ट चांगल्या मनानं ठरवली होती, की आज खऱ्या नावांनी बोलवायचं. इतकी वर्षं तुम्हाला आमची नावं घालायला लावली, आज तुमची तुम्हाला परत, असं म्हणताना त्यांचा आवाज कापला.

"नागाकुरा मित्सुएसान."

कुणी उठलं नाही. सगळे एकमेकांकडं बघू लागले. आयामेही इकडंतिकडं बघत होती. मग तिला कळलं, आपल्यालाच बोलावलंय. ती उठली तशी सगळे खळखळून हसले, तीही हसली.

ती परत येऊन बसली तर कुरोनुमा तिच्याकडं डोळे बारीक करून बघत होता. दोन पेले झाले होते.

"नागाकुरा मित्सुए तू आहेस?"

"कागदावर तरी."

"अरे वा!" त्यानं मांडीवर थाप मारली. "अगं बाई, मग तुझी मान मी वाचवलीय! तुला पत्ताच नाही! मी म्हणत नव्हतो, मला सगळं आठवतं?"

"काय वाचवलंत?"

"एक बाई आली होती तुला शोधत. मी नुकताच काउंटरचा मुख्य झालो होतो, म्हणून पक्कं आठवतंय. थर्मास बनवणाऱ्या कारखान्याची सहल. सकाळी, नाश्त्याच्या आधी आली, आमचाच युकाता, केस ओले. पंचवीस-सव्वीसची असेल. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणते, काल आम्हाला वाढणाऱ्या बाईंचं नाव काय? मी म्हटलं, आयामे. म्हणते, ते नाही, खरं नाव. मी म्हटलं, खरी नावं आम्ही सांगत नसतो. तर जरा थांबून म्हणते, नागाकुरा मित्सुए तर नव्हे?"

आयामेच्या हातातला पेला तसाच राहिला.

"मग?"

"मग काय! नियम म्हणजे नियम. शप्पथ सांगतो, मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं मित्सुए कोण ते. पण ठाऊक असतं तरी तोंड उघडलं नसतं. म्हणते, ती माझी आई आहे. मी मनात म्हटलं, वा गं शहाणे! नवरे कुणालाही पाठवतात. एकानं तर एकदा देवळातला भिक्षू पाठवला होता. मी असा काय घुम्यासारखा चेहरा केला म्हणतेस!"

तो खूश होऊन हसला. आयामे उठली. "या," म्हणाली.

"कुठं?"

"काउंटरवर. मला दाखवा."

कुरोनुमाला वाटलं, शेवटच्या दिवसाची थट्टा आहे. तो डुलत डुलत गेला, काउंटरच्या आत उभा राहिला, कोट ओढून सरळ केला. सगळं तिथंच होतं. घंटी, फुलदाणी, किल्ल्यांच्या रिकाम्या खुंट्या. आयामे बाहेरच्या बाजूला उभी राहिली. इतक्या वर्षांत ती या बाजूला कधी उभी राहिली नव्हती.

"कुठं उभी होती?"

"जरा डावीकडं. हां, तिथंच."

"कुठल्या इमारतीत उतरला होता तो गट?"

"नव्या. नाही, थांब. नव्या-नव्या. तिसरा मजला."

नव्या-नव्याचा तिसरा मजला म्हणजे आयामेचा. तो दुसऱ्या कुणाचा नव्हताच कधी. म्हणजे ती त्या खोलीच्या दारात गुडघे टेकून म्हणाली असणार, मी आयामे. मासा समोर ठेवला असणार. गादी घातली असणार, उशी थोपटली असणार, झोपा आता म्हणाली असणार. नांगी दिली असेल का जास्तीची? तिनं डोळे मिटून चेहरा शोधला. हजारो युकाते, हजारो ओले केस. त्यातला एकही चेहरा पुढं येईना. एवढी वर्षं ती ज्या माणसाची वाट बघत होती, त्याला जेवू घालून ती विसरून गेली होती.

"कुरोनुमासान, नागाकुरा मित्सुए इथं आहे का हो?" तिनं विचारलं.

कुरोनुमानं चेहरा दगडासारखा केला. अगदी झकास केला. "क्षमा करा, बाईसाहेब. अशी कुणी इथं नाही."

"त्यावर ती काय म्हणाली?"

"नमस्कार केला वाकून. आणि म्हणाली, 'वाटलंच होतं मला.' बस्स."

आयामे वाकली. "वाटलंच होतं मला," ती म्हणाली, हलक्या आवाजात, तो आवाज आपल्या पोरीसारखा लागतोय का हे ऐकत.

कुरोनुमानं टाळी वाजवली. "अगदी हुबेहूब! बघ, मी वाचवली की नाही तुला?"

तिच्या मनात आलं, त्या पॉलिश केलेल्या थोबाडावर घंटी उचलून मारावी. खरंच आलं, हातही घंटीपर्यंत गेला. पण मारून सांगणार काय? त्या माणसानं तेच केलं होतं, जे तिनं चटईला कपाळ लावून मागितलं होतं. कुणीही आलं तरी. रडणारं माणूस आलं तरी.

"वाचवलंत," ती म्हणाली. "आभारी आहे."

आणि ती बस? सकाळी ती बस निघाली असेल तेव्हा आयामे रांगेतच असणार. पाऊस असो की ऊन. दोन्ही हात वर करून, बोगद्यापर्यंत. आपली पोर जातेय, आणि आई तोंडभर हसत तिला हात हलवून लावून देतेय. मालकीणबाई शेजारून ओरडत असणार, आयामे, हात!

दुपारी कुरोनुमा टॅक्सीनं निघाला. रीतीप्रमाणं सगळे दारात उभे राहिले. त्यानं काच खाली करून मोठ्यानं हाक मारली, "मित्सुएसान! चांगलं नाव आहे, वापरत जा!" तिनं हात वर केले. बाकीचे अर्ध्यावरच आत गेले, आता कोण ओरडणार होतं त्यांना? ती बोगद्यापर्यंत उभी राहिली.

त्यानंतर तिनं करायचं ते सगळं केलं, उगाच नाही म्हणू नये. आगगाडीनं गावी गेली. घराच्या जागी गाड्या लावायची मोकळी जागा होती, उमेबाईच्या घरात परकी माणसं होती. कचेरीत खेटे घालून चिसातोचा शेवटचा पत्ता मिळवला. त्या पत्त्यावर एक कार्ड टाकलं. लिहिलं एवढंच, की मी होते, आयामे मीच. कार्ड पंधरवड्यात परत आलं, लाल शिक्का मारलेलं, या नावाचं माणूस पत्त्यावर आढळत नाही. कचेरीतल्या मुलीनं समजावलं, लोक घर बदलतात आजी, कळवत नाहीत. दुसरा पत्ता तिच्याकडं नव्हता.

आता ती गावाच्या वरच्या अंगाला, सरकारी चाळीवजा इमारतीत एका खोलीत राहते. खिडकीतून कैगेत्सु दिसतं. पाडायला पैसे नाहीत म्हणून ते तसंच उभं आहे, काचा फुटलेलं. पाटीचा 'समुद्र' लिहिलेला तुकडा वादळात पडला, आता नुसता 'चंद्र' उरलाय. गावातले अजून जेलीफिशच म्हणतात. शेजारणी तिला आयामेसान म्हणतात, तशी ती चिडते. "मित्सुए म्हणा! नागाकुरा मित्सुए!" दारावरची पाटी तिनं इतक्या मोठ्या अक्षरात रंगवून घेतलीय, की शेजारणी हसतात. "कुणी दुकान उघडलंय का, आयामेसान?"

मागच्या आठवड्यात दार वाजलं. ती तांदूळ धूत होती. हात तसेच ओले, चपला न घालता ती धावली. दुखऱ्या गुडघ्यांनी उंबऱ्यात अडखळली, दाराला धरून उभी राहिली. बाहेर कुणाचा तरी आवाज आला, "नागाकुरा मित्सुए..."

"आहे!" ती दार उघडायच्या आतच ओरडली. "आहे, आहे! इथंच आहे! मीच ती!"

दार उघडलं तर बाहेरचा माणूस दचकून एक पाऊल मागं सरला होता. गॅस कंपनीची टोपी, हातात यंत्र.

"मीटर बघायचाय, आजी," तो म्हणाला. "कुठल्या बाजूला आहे?"

तिनं हात पुसले आणि त्याला मीटर दाखवला.